शेल कंपनीचे जुने ऑइल टँकर: 'मुरेक्स' ते 'बॅटिलस', कोणत्या जहाजाने काय शिकवलं?



गाडीत पेट्रोल भरताना पंपावरचा आकडा आपण सगळेच बघतो, पण ते तेल तिथपर्यंत पोहोचलं कसं, याचा विचार सहसा कोणी करत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येतं. त्यातलं जवळपास सगळं समुद्रमार्गे, म्हणजे तेलवाहू जहाजांतून येतं. या जहाजांना ऑइल टँकर म्हणतात.

आज आपण एकाच कंपनीच्या जुन्या टँकरची माहिती घेणार आहोत. कंपनी आहे शेल. ही जहाजं आज कुठेच नाहीत. काही बुडाली, काही भंगारात गेली. मग त्यांच्याबद्दल वाचायचं कशाला? कारण आजच्या टँकरवर जे तंत्रज्ञान दिसतं, त्यातलं बरंचसं अशाच एखाद्या जुन्या जहाजावरच्या प्रयोगातून किंवा अपघातातून आलेलं आहे. फोनमध्ये बग सापडला की कंपनी अपडेट पाठवते. जहाजात बग सापडतो तेव्हा बऱ्याचदा माणसं जातात, आणि अपडेट त्यानंतर येतं.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

आधी थोडी बेसिक माहिती

- टँकर: द्रवपदार्थ पिंपात किंवा डब्यात न भरता थेट जहाजाच्या पोटातल्या टाक्यांमध्ये भरून नेणारं जहाज.
- डेडवेट टन: जहाज एकूण किती वजन वाहू शकतं त्याचं माप. यात माल, इंधन, पाणी, सामान सगळं आलं. जहाजाचं स्वतःचं वजन यात धरत नाहीत.
- व्हीएलसीसी: साधारण २ लाख ते ३ लाख २० हजार डेडवेट टनांचा टँकर. त्याहून मोठ्याला यूएलसीसी म्हणतात.
- बॅलास्ट: तेल उतरवल्यावर रिकामं जहाज समुद्रात डोलू नये म्हणून टाक्यांमध्ये भरलेलं पाणी.

शेल हा ब्रिटिश आणि डच कंपन्यांनी मिळून बनलेला उद्योगसमूह. १९०७ मध्ये 'शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग' आणि 'रॉयल डच' या दोन कंपन्या एकत्र आल्या. त्यामुळे त्यांची काही जहाजं ब्रिटनमध्ये, काही नेदरलँड्समध्ये तर काही फ्रान्समध्ये नोंदलेली होती.

१. मुरेक्स (१८९२): सुएझ कालव्यातून गेलेला पहिला टँकर

ही गोष्ट पेट्रोलची नाही, रॉकेलची आहे. १८९० च्या सुमारास मोटारगाड्या नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. तेल लागायचं ते दिव्यांसाठी. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी रॉकेल पत्र्याच्या डब्यांमध्ये भरून, ते डबे लाकडी खोक्यात घालून आशियात पाठवायची. यात जहाजाची बरीच जागा वाया जायची आणि डब्या-खोक्यांचा खर्च वेगळा.

लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी वेगळा विचार केला. रशियाच्या ताब्यातल्या बाकू भागातलं रॉकेल काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरातून घ्यायचं, सुट्टं टाकीत भरायचं आणि सुएझ कालव्यातून थेट आशियात न्यायचं. आफ्रिकेला वळसा घालायचा नाही, म्हणजे प्रवास हजारो किलोमीटरने कमी.

अडचण एकच होती. कालव्याची कंपनी टँकरना आत सोडत नव्हती. अरुंद कालव्यात टँकर पेटला तर सगळा रस्ता बंद! म्हणून सॅम्युअल यांनी जहाजाचं डिझाइनच नव्याने करून घेतलं. फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या अभियंत्याने ते केलं. उन्हाने तेल गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं. त्यासाठी टाक्यांमध्ये सोय केली. तेल एका बाजूला धडकून जहाज कलंडू नये म्हणून पोटाचे वेगवेगळे कप्पे केले. शिवाय रिकाम्या टाक्या वाफेने धुवायची व्यवस्था ठेवली. त्यामुळे परतीच्या प्रवासात त्याच टाक्यांतून दुसरा माल, अगदी खाण्याच्या वस्तूसुद्धा आणता येणार होत्या.

हे जहाज इंग्लंडच्या वेस्ट हार्टलपूलमध्ये बांधलं गेलं. २४ ऑगस्ट १८९२ रोजी 'मुरेक्स' सुएझ कालव्यातून पार झालं. सुमारे ५ हजार टन तेल घेऊन जाणारा हा टँकर आजच्या हिशेबाने अगदीच छोटा. पण एखादा टँकर कालव्यातून सुरक्षित नेता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

'मुरेक्स' हे एका शंखाचं नाव आहे. सॅम्युअल यांचे वडील शंख-शिंपल्यांचा व्यापार करायचे, म्हणून जहाजांना शंख-शिंपल्यांची नावं द्यायची पद्धत पडली. कंपनीचं नाव 'शेल' आणि पंपावरचा शिंपल्याचा लोगो यांचं मूळही तिथेच.

यात एक गंमत झाली. स्वस्त तेल आलं तरी सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. सॅम्युअल यांना वाटलं होतं की लोक आपापली भांडी घेऊन येतील. पण आशियातल्या लोकांना तेलाइतकाच तो पत्र्याचा डबाही हवा असायचा. शेवटी कंपनीने आशियातच डबे बनवायला सुरुवात केली. स्टँडर्डचे डबे निळे होते, यांनी लालभडक केले. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. रॉकेलचा रिकामा डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला, पत्रा सरळ करून छपरावर ठोकायला आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने सर्रास वापरलाय. 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आणि 'घासलेट' हा 'गॅसलाइट'वरून आला असं मानतात.

मुरेक्सचा शेवट मात्र वाईट झाला. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१६ मध्ये, इजिप्तच्या पोर्ट सैदच्या वायव्येला पाणबुडीच्या हल्ल्यात ते बुडालं. म्हणजे ज्या सुएझ कालव्याने त्याला नाव दिलं, त्याच्याच उंबरठ्याच्या बाहेर.

२. व्हल्कॅनस (१९१०): कोळशाऐवजी डिझेल

त्या काळी जहाजं वाफेवर चालायची. बॉयलरमध्ये कोळसा टाकायला माणसांची फौज लागायची आणि कोळसा साठवायला प्रचंड जागा. १९१० मध्ये अॅमस्टरडॅममध्ये 'व्हल्कॅनस' नावाचा छोटा टँकर बांधला गेला. त्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. ताकद सुमारे ५०० अश्वशक्ती. आजच्या एखाद्या मोठ्या ट्रकइतकीच!

डिझेलवर चालणाऱ्या समुद्रगामी जहाजांची गोष्ट निघाली की लोक १९१२ च्या डेन्मार्कच्या 'सेलांडिया'चं नाव घेतात. व्हल्कॅनस त्याच्या दोन वर्षं आधीचं. इंधन कमी, माणसं कमी, जागा जास्त, हा हिशेब इथे जुळला. आज समुद्रावरची बहुतेक मालवाहू जहाजं डिझेल इंजिनावरच चालतात.

३. रापाना आणि तिच्या बहिणी (१९४३): टँकरवर धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे जाणारी जहाजं बुडवत होत्या. किनाऱ्यावरून उडणारी विमानं समुद्राच्या मध्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि विमानवाहू युद्धनौका पुरेशा नव्हत्या.

तेव्हा एक जुगाड केला गेला. टँकरचा वरचा भाग तसाही बराचसा सपाट असतो, कारण माल वरून क्रेनने नाही तर पाइपने भरायचा असतो. मग त्यावर सरळ धावपट्टीच बसवली! शेलच्या ताफ्यातल्या 'रापाना' आणि तिच्यासारख्या एकूण ९ टँकरवर असा डेक बसवला गेला. त्यातले 'गाडिला' आणि 'मॅकोमा' हे दोन डच झेंड्याखाली होते.

विमानं होती 'स्वोर्डफिश', म्हणजे दोन पंखांच्या थरांची संथ विमानं. टँकरवर विमान ठेवायला हँगर नव्हतं. ती उघड्या डेकवर वारा-पाऊस खात उभी असायची. आणि खाली टाक्यांमध्ये तेल भरलेलंच! विमानं वर उडताहेत, उतरताहेत आणि पायाखाली हजारो टन तेल, अशा परिस्थितीत त्या लोकांनी काम केलं. युद्ध संपल्यावर धावपट्ट्या काढल्या आणि ही जहाजं पुन्हा साधे टँकर झाली.

४. ऑरिक्युला (१९४६): स्वस्त इंधनाचा शोध आणि त्याचं बिल

कच्चं तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं की तळाशी डांबरासारखं जाड तेल उरतं. ते स्वस्त असतं. पण डिझेल इंजिनाला ते चालत नव्हतं, फक्त बॉयलरमध्ये जाळायचे.

शेलचे अभियंता जॉन लँब यांनी 'ऑरिक्युला' या टँकरवर प्रयोग केला. जाड तेल आधी गरम करून पातळ करायचं, मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून त्यातलं पाणी आणि गाळ वेगळा काढायचा आणि नंतर इंजिनात सोडायचं. (ताक घुसळणाऱ्या रवीपेक्षा दूध डेअरीतलं साय वेगळं काढणारं यंत्र आठवा. तत्त्व तेच.) प्रयोग यशस्वी झाला. पुढे जगभरातली मोठी जहाजं याच जाड तेलावर चालायला लागली आणि समुद्री वाहतूक स्वस्त झाली.

पण या तेलात गंधक खूप असतं. ते जळलं की हवेत विषारी वायू जातो. बंदराजवळ राहणाऱ्यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, जहाजाच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणायचा नियम लागू केला. म्हणजे १९४६ च्या युक्तीचं बिल ७० हून अधिक वर्षांनी आलं.

५. ऑरिस (१९५१): जमला, पण परवडला नाही

विमानात गॅस टर्बाइन चालतं, मग जहाजात का नाही? 'ऑरिस' या टँकरमध्ये चार डिझेल इंजिनं होती. १९५१ मध्ये त्यातलं एक काढून तिथे गॅस टर्बाइन बसवलं. १९५२ मध्ये हे जहाज फक्त टर्बाइनच्या जोरावर अटलांटिक पार करून गेलं. व्यापारी जहाजासाठी ही मोठीच गोष्ट होती.

पण गॅस टर्बाइन इंधन जास्त खातं. विमानात वजन महत्त्वाचं असतं, म्हणून तिथे ते परवडतं. टँकरला घाई नसते, त्याला हवं असतं मायलेज. त्यामुळे टँकरमध्ये हे तंत्रज्ञान टिकलं नाही. फोनच्या जगातही आपण हे बघतोच. डेमोमध्ये भारी वाटलेलं फीचर रोजच्या वापरात बॅटरी खातं म्हणून बंद होतं.

६. मार्पेसा आणि मॅक्ट्रा (१९६९): ज्या अपघातांनी नियम बदलले

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

१९६७ च्या अरब-इस्राएल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो थेट १९७५ पर्यंत. तेलाला पुन्हा आफ्रिकेला वळसा घालावा लागला. लांबचा प्रवास परवडायचा तर एका खेपेत जास्त तेल न्यायला हवं. म्हणून दोन लाख टनांच्या आसपासचे टँकर बांधले जाऊ लागले. अवघ्या काही वर्षांत जहाजं दुप्पट-तिप्पट झाली. पण टाक्या धुवायची पद्धत जुनीच राहिली.

डिसेंबर १९६९ मध्ये शेलचं कोरं करकरीत जहाज 'मार्पेसा' युरोपात तेल उतरवून रिकामं परत निघालं होतं. पहिलीच फेरी. पश्चिम आफ्रिकेत डाकारजवळ त्याच्या टाकीत स्फोट झाला आणि जहाज बुडालं. तोपर्यंत बुडालेल्या जहाजांमधलं ते सगळ्यात मोठं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस शेलच्याच 'मॅक्ट्रा'मध्ये मोझांबिकच्या खाडीत तसाच स्फोट झाला. लगोलग नॉर्वेच्या 'कोंग होकोन सातवा' या टँकरमध्येही. मॅक्ट्रा आणि नॉर्वेचं जहाज तरंगत राहिलं, पण खलाशांचे जीव गेले होते. एका महिन्यात तीन महाकाय टँकर आणि तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी: टाक्या रिकाम्या होत्या आणि त्या धुवायचं काम चालू होतं.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक कशी?

आग लागायला तीन गोष्टी लागतात: इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगी. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र भिंतींना चिकटलेल्या तेलाची वाफ असते आणि बाहेरची हवाही. म्हणजे दोन गोष्टी तयार. फक्त ठिणगी हवी.

ती आली कुठून? चौकशीत आणि नंतरच्या प्रयोगांत बोट दाखवलं गेलं ते स्थिर विद्युतकडे. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट-चट आवाज येतो ना, तीच वीज. मोठ्या दाबाने पाण्याचे फवारे टाकीच्या भिंतींवर आपटले की टाकीभर बारीक तुषार पसरतात आणि त्यांच्यावर विद्युतभार जमा होतो. टाकी छोटी असेल तर फारसं बिघडत नाही. पण मोठ्या इमारतीएवढ्या टाकीत तोच भार खूप वाढतो. मग पाण्याचा एखादा मोठा गोळा खाली पडताना धातूजवळ आला की ठिणगी पडू शकते.

मग उपाय काय निघाला?

ठिणगी शंभर टक्के टाळता येत नाही. तेलाची वाफही पूर्ण काढता येत नाही. मग उरला ऑक्सिजन. तोच काढून टाकायचा! यालाच इनर्ट गॅस सिस्टिम म्हणतात. ही पद्धत काही कंपन्यांच्या जहाजांवर आधीपासून होती, पण सगळ्यांकडे नव्हती. ती अशी चालते:

1. जहाजाच्या बॉयलरचा धूर घेतात. त्यातला बराचसा ऑक्सिजन आधीच जळून गेलेला असतो.
2. तो धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन थंड आणि स्वच्छ करतात.
3. ५ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असलेला हा वायू पंख्याने टाक्यांमध्ये सोडतात.
4. टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. साधारण ११ टक्क्यांच्या खाली तेलाची वाफ पेटूच शकत नाही.

१९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर मोठ्या क्रूड टँकरवर ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. त्याबरोबरच पाण्याऐवजी कच्च्या तेलाच्याच फवाऱ्याने टाक्या धुवायची पद्धतही रुळली. त्यामुळे तेलमिश्रित घाण पाणी समुद्रात टाकण्याचं प्रमाणही कमी झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जो वायू आग लागू देत नाही, तो माणसालाही जगू देत नाही. टाकीत उतरायच्या आधी तिथे ताजी हवा खेळवून, मीटरने ऑक्सिजन मोजून, मगच माणूस आत पाठवतात. तरीही बंद जागेत गुदमरून खलाशी मरण पावल्याच्या घटना आजही घडतात. बऱ्याचदा पहिला पडला म्हणून त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. आपल्याकडे विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच प्रकारच्या. त्यामुळे असा प्रसंग समोर आला तर स्वतः उडी न मारता आधी अग्निशमन दलाला फोन करा.

७. मेटुला (१९७४): न पुसलेला डाग

९ ऑगस्ट १९७४. शेलचा डच टँकर 'मेटुला' सौदी अरेबियाहून चिलीकडे कच्चं तेल घेऊन निघाला होता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीत तो उथळ जागी आदळला. सुमारे ५० हजार टन तेल समुद्रात गेलं.

भाग दुर्गम, थंडी कडाक्याची, प्रवाह जोरदार. किनाऱ्याची साफसफाई झालीच नाही. तेल वाळू-दगडात मिसळून डांबरी रस्त्यासारखं घट्ट झालं. कित्येक दशकांनंतरही शास्त्रज्ञांना तिथे त्याचे थर सापडत होते. 'निसर्ग आपोआप साफ करतो' हे म्हणणं किती खरं, हे पाहायचं तर हा किनारा बघावा.

मेटुलाला एकच तळ होता. म्हणजे बाहेर समुद्र, आत तेल आणि मध्ये पोलादाचा एकच पत्रा. दुहेरी तळाचा आणि दुहेरी भिंतींचा नियम आला तो मात्र १९८९ मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हॅल्डेझ' या दुसऱ्या कंपनीच्या टँकरचा अपघात झाल्यानंतर. आज तेल आणि समुद्र यांच्यामध्ये रिकाम्या जागेची एक फट ठेवतात. बाहेरचा पत्रा फाटला तरी तेल आतच राहावं म्हणून. मेटुलाच्या वेळीच हा धडा घेतला असता तर? हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

८. बॅटिलस (१९७६): सगळ्यात मोठं, पण कशासाठी?

शेलच्या फ्रेंच कंपनीने १९७१ मध्ये एक राक्षसी टँकर मागवला. सेंट-नाझेरच्या गोदीत तो बांधला गेला.

- लांबी: सुमारे ४१४ मीटर (आयफेल टॉवर आडवा ठेवला तरी जागा उरेल)
- रुंदी: ६३ मीटर
- क्षमता: सुमारे ५ लाख ५३ हजार डेडवेट टन
- पूर्ण भरल्यावर पाण्याखालचा भाग: सुमारे २८.५ मीटर, म्हणजे साधारण नऊ मजली इमारत
- इंधन: पूर्ण वेगात दिवसाला सुमारे ३३० टन

मागणी नोंदवली तेव्हा सुएझ बंद होता आणि तेल स्वस्त होतं. जहाज तयार होईपर्यंत जगच बदललं. १९७३ च्या युद्धानंतर काही महिन्यांतच तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, मागणी घटली. जून १९७५ मध्ये सुएझ उघडला. १९७६ मध्ये बॅटिलस पाण्यात आलं, आणि पाठोपाठ त्याचं जुळं भावंड 'बेलाम्या'. भरलेल्या अवस्थेत सुएझ कालव्यात यांना जागाच नव्हती. मोजकीच बंदरं त्यांना घेऊ शकत होती. आणि इतकं तेल एकदम हवंय कोणाला?

शेवटी बॅटिलस नॉर्वेत नुसतंच उभं करून ठेवलं आणि १९८५ मध्ये तैवानच्या काओशुंगला तोडायला गेलं. पाठोपाठ बेलाम्याही गेलं. जे जहाज सहज वीस-पंचवीस वर्षं चाललं असतं, ते दहा वर्षांच्या आत भंगारात. यंत्रात काही बिघाड नव्हता. चुकला तो अंदाज. तेव्हापासून सगळ्यात मोठे क्रूड टँकरही बहुतेक करून तीन लाख टनांच्या आसपासच बांधले जातात.

या सगळ्याचा मुंबईशी संबंध काय?

१९२८ मध्ये भारतात 'बर्मा-शेल' ही कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये तिची रिफायनरी मुंबईत तुर्भ्याजवळ (ट्रॉम्बे) माहुलला सुरू झाली. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आज आपण तिला भारत पेट्रोलियम म्हणून ओळखतो.

गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला लाँचने गेला असाल तर वाटेत एका बेटावर तेलाच्या टाक्या आणि धक्क्याला लागलेले टँकर दिसले असतील. ते जवाहर द्वीप, म्हणजेच जुनं बुचर आयलंड. तिथे उतरवलेलं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने पुढे जातं. पुढच्या वेळी तिथून जाताना लक्षात ठेवा: समोरच्या टँकरच्या पोटात मार्पेसा-मॅक्ट्रानंतर सक्तीचा झालेला तो वायू आहे.

फोनवर टँकर कसा ओळखायचा?

जुन्या जहाजांची माहिती शोधताना मोठा घोळ होतो, कारण कंपनी तीच नावं पुन्हा वापरते. 'मुरेक्स' आणि 'मॅकोमा' ही नावं २०१७ मध्ये बांधलेल्या, शेलने भाड्याने घेतलेल्या गॅसवाहू जहाजांनाही दिली गेली. शिवाय जहाज विकलं की नावही बदलतं. मग नक्की कुठलं जहाज, हे कसं कळणार?

यासाठी आयएमओ क्रमांक असतो. सात अंकी. नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी क्रमांक तोच. १९८७ मध्ये ही पद्धत आली आणि १९९६ पासून मोठ्या जहाजांना सक्तीची झाली. फोनच्या आयएमईआय क्रमांकासारखंच समजा.

क्रमांक खरा आहे का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. जगातलं सगळ्यात लांब जहाज 'सीवाइज जायंट' (हे शेलचं नव्हतं) याचा क्रमांक आहे ७३८११५४. पहिल्या सहा अंकांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा:

४९ + १८ + ४० + ४ + ३ + १० = १२४

बेरजेचा शेवटचा अंक ४. क्रमांकाचा सातवा अंकही ४. म्हणजे बरोबर!

आता प्रत्यक्ष जहाज बघायचं असेल तर:

1. मरीनट्रॅफिक किंवा वेसलफाइंडर यांसारखं अॅप किंवा वेबसाइट उघडा.
2. नकाशावर मुंबई बंदर शोधा. मरीनट्रॅफिकवर टँकर लाल रंगात दिसतात.
3. एखाद्या चिन्हावर टॅप करा. नाव, आयएमओ क्रमांक, वेग, दिशा दिसेल.

ही माहिती एआयएस या यंत्रणेतून येते. जहाज रेडिओवरून आपली जागा सतत सांगत असतं. पण ती यंत्रणा बंद करता येते आणि खोटी जागाही दाखवता येते. त्यामुळे नकाशावर दिसत नाही म्हणजे तिथे जहाज नाही, असं समजू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बॅटिलस जगातलं सगळ्यात मोठं जहाज होतं का?
लांबी आणि माल वाहण्याची क्षमता बघितली तर 'सीवाइज जायंट' पुढे आहे (सुमारे ४५८ मीटर). पण जहाजाच्या आतल्या एकूण जागेच्या मापात, म्हणजे ग्रॉस टनेजमध्ये, बॅटिलसच्या वर्गातली जहाजं मोठी होती. सीवाइज जायंटचा शेवट गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर झाला.

शेल आजही सगळं तेल स्वतःच्याच जहाजांतून नेते का?
नाही. मोठ्या तेल कंपन्या आता बरीचशी जहाजं दुसऱ्या मालकांकडून भाड्याने घेतात. बॅटिलससारखं महागडं जहाज गळ्यात पडण्याची भीती त्यात कमी असते.

टँकरवर नोकरी करायची असेल तर?
मर्चंट नेव्हीच्या नेहमीच्या शिक्षणाशिवाय टँकरसाठी वेगळे सुरक्षा कोर्स करावे लागतात. नोकरी देणारा एजंट डीजी शिपिंगचा परवानाधारक आहे का, हे पैसे देण्याआधी नक्की तपासा.

थोडक्यात

मुरेक्सने कप्प्यांचा टँकर दिला, व्हल्कॅनसने डिझेल, ऑरिक्युलाने स्वस्त इंधन. ऑरिसने काय परवडत नाही ते सांगितलं आणि बॅटिलसने किती मोठं म्हणजे फार मोठं ते. पण सगळ्यात महाग धडा मार्पेसा आणि मॅक्ट्राचा, कारण त्याची किंमत खलाशांनी दिली. कोकणापासून केरळपर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली मुलं आज टँकरवर काम करतात. ती टाकी धुऊन सुखरूप वर येतात, त्यामागे १९६९ च्या त्या महिन्याचा हात आहे.

माहिती आवडली असेल तर मर्चंट नेव्हीत जाऊ इच्छिणाऱ्या तुमच्या मित्र-मैत्रिणींना नक्की पाठवा. आणि फोनवर एखादा टँकर सापडला तर त्याचा आयएमओ क्रमांक वरच्या पद्धतीने तपासून बघा.